कोट घालायची वेळ

केमीतल्या आमच्या थिएटरात पडदा एकच,
खुर्च्या एकशे बारा, सातव्या रांगेतली एक मोडकी.
तिकिटं मी फाडते, झाडूही मीच मारते,
त्यामुळे पूर्ण सिनेमा माझ्या वाट्याला येत नाही.
या नव्याची शेवटची दहा मिनिटं मात्र
मी अकरा वेळा पाहिली आहेत,
दाराशी उभी राहून, हातात सुपली.

मूळ मालिका नऊ वर्षं चालली.
कप्तान, बंड, तीन सूर्यांचा तो ग्रह,
गावातल्या दोन मुलांची नावं त्यातूनच आलेली.
चौथ्या पर्वात एक स्वयंपाकीण होती.
वाक्य एकच : सूप निवतंय.
मग हवाबंद दार उघडलं
आणि अकरा जणांबरोबर तीही काळोखात ओढली गेली.
कप्तान रडला. त्या अकरांतल्या एकासाठी.

आता तिच्यावर दोन तास सहा मिनिटं.
मूळ खोड वाळलं तरी
धुमारा कुठून फुटेल सांगता येत नाही.

यार्क्को पहिल्याच रात्री पाय आपटत बाहेर आला.
कागद गिरणी बंद झाल्यापासून तो सगळ्यावरच चिडतो,
पण या वेळी कारण होतं :
कप्तान एकदाच, तोही पाठमोरा!
आणि दार उघडायच्या आधीच संपवला सिनेमा.
पैसे दाराचे घेतले, दाखवला काय, तर कांदा.

आइनी कुर्त्ती वही घेऊन येते.
तिच्या मते दार मालिकेत डावीकडे होतं,
इथे उजवीकडे आहे.
शिवाय चौथ्या पर्वात तिचे केस आखूड होते.
एवढं सांगून झाल्यावर
ती हातमोजे घालायचे विसरून
बाहेर उणे अठ्ठावीसमध्ये उभी राहिली.
मी नेऊन दिले. ती म्हणाली, तिला नाव दिलं नाही त्यांनी.
आत्तासुद्धा नाही.
हे वहीत लिहिलंस का, विचारलं.
नाही म्हणाली.

शाळेतल्या दोघी पायऱ्यांवर भांडत होत्या
ती वाचली असेल की नाही यावर.
एकीचं म्हणणं, प्रेत दाखवलं नव्हतं.
दुसरी म्हणाली, अवकाशात कोण दाखवणार, वेडे?

माझं मोजमाप वेगळं आहे.
इथे हिवाळ्यात सिनेमा कसा होता
ते कोटांवरून कळतं.
कप्तानाचं शेवटचं भाषण सुरू झालं
की चेनांचा आवाज, बाह्यांची सळसळ,
लोकरी टोप्यांचा शोध.
या सिनेमात ती भांडी काढते, बारा वाडगे,
ओगराळ्याने एकेक भरते,
स्वतःचा सगळ्यात शेवटी, थोडा कमी,
आणि उभ्यानेच खाते.
दिवे लागेपर्यंत
एकही चेन वाजत नाही.
यार्क्को तर कोट घालूनच बसला होता.
तरी उठला नाही.
दुसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला,
दार कुठल्या बाजूला आहे तेवढं बघायला आलोय.

ताइस्तो तिसऱ्या दिवशी आला,
चौथ्या दिवशी आला, मग दहाव्या.
बर्फफोड्या जहाजावर एकतीस वर्षं स्वयंपाक केलेला माणूस,
अजून चालताना पाय फाकवून टाकतो,
जणू डांबरी रस्ता कलणार आहे.
पहिल्या वेळी काही बोलला नाही.
दुसऱ्या वेळी म्हणाला :
कांदा बरोबर चिरते.
जहाज हलत असताना सुरीचं टोक
अंगाकडे ठेवायचं नसतं.
हे तिला कुणीतरी शिकवलंय.

दहाव्या दिवशी तो सगळे गेल्यावरही बसून होता.
मी त्याच्या पायांभोवतीचे लाह्यांचे दाणे गोळा केले.
मीठ जास्त पडलंय, तो म्हणाला.
मला वाटलं, लाह्यांना.
नाही, सुपात.
मी हसले. म्हटलं, पडद्यावरून कसं कळलं तुला?

बघ ना, खाणारे सगळे गप्प आहेत,
म्हणाला, आणि एकही जण
तिला सांगत नाही.
मग त्याने कॉलर वर केली,
गुंडी लावायला
बराच वेळ घेतला.